मे महिन्याच्या पाण्यावर बेतलेली बाग: अंगण आणि लॉन राखण्याची रीत

पुण्या-नाशकाकडे, सोलापूर-नगरच्या बाजूला किंवा मराठवाड्यात घरासमोर बाग करायची असेल, तर पहिला प्रश्न ‘कोणती झाडं लावू?’ हा नसतो. मे महिन्यात आपल्याकडे पाणी किती असेल, हा असतो. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि पुढचे आठ महिने बाग नळावर, बोअरवर नाहीतर टँकरवर जगते. म्हणून जुलैमधला हिरवागार परिसर बघून बागेचा आराखडा काढू नये. तो एप्रिल-मे डोळ्यांसमोर ठेवून काढावा.

हिशोब अगदी सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी ओतलं की एक मिलिमीटर पाऊस पडल्यासारखं होतं. भर उन्हाळ्यात लॉनला रोज साधारण पाच मिलिमीटर पाणी लागतं असं धरून चला. १० बाय १० फुटांचं लॉन म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर, म्हणजे रोजचे ४५ लिटरच्या वर. तेच लॉन ५०० चौरस फुटांचं केलंत तर रोजचे सव्वादोनशे-अडीचशे लिटर झाले. दहा हजार लिटरचा टँकर दीड महिनाही पुरत नाही, आणि हे फक्त गवताचं झालं. झाडं, कुंड्या, अंगण धुणं यात धरलेलंच नाही.

माझं मत विचाराल तर लहान अंगणात लॉन १०० ते २०० चौरस फुटांच्या वर नेऊ नये. बसायला, मुलांना लोळायला तेवढं भरपूर होतं. उरलेल्या जागेत झुडपं लावावीत, वाटेवर फरशी किंवा खडी टाकावी आणि एखादं सावली देणारं झाड ठेवावं. सोसायटीत सांडपाणी शुद्धीकरणाचं पाणी बागेला मिळत असेल तर थोडं सैल सोडता येईल. पण त्या पाण्यात क्षार जास्त असू शकतात, तेव्हा त्याची एकदा तपासणी करून घ्या.

आधी माती

नव्या बंगल्याच्या किंवा रो-हाउसच्या अंगणात वरची चार इंच माती देखणी असते आणि खाली राडारोडा असतो. विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, चुना, मुरूम. कुदळ मारून एक-दीड फूट खणून बघा. राडारोडा लागला तर तो काढायलाच हवा, कारण सिमेंट आणि चुन्यामुळे माती आणखी अल्कधर्मी होते आणि पुढे पानं पिवळी पडण्याचं दुखणं मागे लागतं.

खणलेला फूटभर खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला इंचभर तरी खाली गेलं पाहिजे. चार-पाच तासांनी तळं तसंच दिसत असेल तर त्या जागी पावसाळ्यात मुळं कुजणार हे नक्की. काळ्या मातीत हे हमखास होतं. ही माती पावसात फुगते, चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते. तिच्यावर लोक दोन पाट्या वाळू टाकतात. थोड्या वाळूने काही साधत नाही, उलट माती घट्ट बसते. कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं कंपोस्ट भरपूर मिसळावं, वाफा जमिनीपासून सहा-आठ इंच उंच करावा आणि पाण्याला उतार काढून द्यावा. तांबड्या मातीचं उलट असतं: पाणी झटकन जिरतं, पण टिकत नाही. तिलाही औषध तेच, सेंद्रिय खत.

माती तपासून घ्यायची असेल तर कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती करून मिळते. नमुना नीट घ्या. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा सहा इंच खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र करून सावलीत वाळवायची आणि त्यातली अर्धा किलो द्यायची. नुकतंच खत टाकलेल्या जागेची माती घेऊ नये. अहवालात सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) आणि मुक्त चुनखडी हे दोन आकडे आधी बघा. सामू साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असला तर उत्तम. आपल्याकडे बऱ्याचदा तो आठच्या आसपास निघतो.

शेणखत विकत घेताना हात घालून बघा. ते गार लागलं पाहिजे, चुरा झाला पाहिजे आणि शेणाचा वास येता कामा नये. गरम लागलं, आत ओले गोळे असले तर ते कच्चं आहे. कच्च्या खतातून तणाचं बी, वाळवी आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) हे तिन्ही पाहुणे घरी येतात. चाळून घेताना पांढरट, तांबड्या डोक्याच्या, वळून बसलेल्या अळ्या दिसल्या तर एकेक वेचून काढा. पोतंच्या पोतं तसंच वाफ्यात ओतू नका.

लॉन घालताना

आपल्याकडच्या रोपवाटिकांत मुख्यतः दोन नावं ऐकू येतात. ‘मेक्सिकन’ म्हणजे बारीक, दाट, मऊ पात्याचं, हळू वाढणारं गवत. याच्या तयार गाद्या मिळतात. ‘सिलेक्शन’ म्हणजे आपल्या हरळीचीच निवडक जात. ती तुडवणूक सोसते, पसरतेही झपाट्याने, पण तिला दिवसभर ऊन लागतं. मेक्सिकन थोडी सावली चालवून घेतं. आंब्याखाली, भिंतीच्या उत्तरेला, जिथे दिवसातून तीन-चार तासही ऊन नाही तिथे कुठलंच लॉन धड होत नाही. तिथे गवताचा हट्ट सोडून सावलीतली पानांची झाडं लावावीत.

जमीन तयार झाली की लगेच गवत अंथरण्याची घाई करू नका. आधी लव्हाळा या चिवट तणाचा बंदोबस्त करा. तयार जमिनीला पाणी द्या आणि दोन-तीन आठवडे थांबा. मातीत दडलेलं सगळं तण वर येईल. लव्हाळा वरून उपटला तर पात हातात येते आणि काळी गाठ खालीच राहते. आठ दिवसांत तीच गाठ पुन्हा पात काढते. एका गाठीला बारीक मुळीने दुसरी, दुसरीला तिसरी अशी माळ जोडलेली असते. खुरपं बाजूने खोल घालून माती सैल करा आणि माळ सगळी ओढून काढा. पुन्हा पाणी, पुन्हा आठ-दहा दिवसांची वाट, पुन्हा वेचणी. हे कंटाळवाणं काम आहे खरं. पण लॉन बसल्यावर त्यातून लव्हाळा काढायचा म्हणजे आयुष्यभराची चाकरी.

मग सपाटी. घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला दहा फुटांना सुमारे एक इंच उतार द्या. मातीची पातळी शेजारच्या फरशीपेक्षा इंचभर खाली ठेवा, म्हणजे गवताची गादी बसल्यावर दोन्ही एका पातळीत येतात आणि चिखल फरशीवर वाहत नाही. गाद्या बसवताना फटी ठेवू नका, सांधे विटांसारखे अदलाबदल करून बसवा, वरून हलका रूळ फिरवा आणि लगेच भरपूर पाणी द्या. जूनचे पहिले दोन-चार पाऊस पडून गेल्यानंतरचे दिवस यासाठी सगळ्यांत चांगले. मुसळधार पावसात मात्र हे काम काढू नका, सपाटी वाहून जाते.

पाणी आणि कापणी

रोज संध्याकाळी हातात नळी धरून पाच मिनिटं शिंपडणं हा आपला आवडता विरंगुळा आहे, पण लॉनसाठी तो वाईटच. वरचा अर्धा इंच भिजतो, मुळं वरच राहतात आणि दोन दिवस पाणी चुकलं की गवत माना टाकतं. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड, पण चार-पाच इंच खोल ओल जाईल इतकं द्या. पाणी दिल्यावर तासाभराने लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसा. ओली माती सहज आत घेते, कोरडी लागली की तो अडतो. स्प्रिंकलर असेल तर लॉनवर चार-सहा ठिकाणी रिकामे सपाट डबे ठेवा आणि अर्ध्या तासात कुठल्या डब्यात किती पाणी साठलं ते पट्टीने मोजा. कोपऱ्यातला डबा जवळजवळ कोरडा निघाला, तर तिथलं गवत का वाळतंय हे वेगळं शोधायला नको.

वेळ पहाटेची किंवा सकाळची. रात्रभर ओलं राहिलेलं गवत बुरशीला आमंत्रण देतं, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत. पाणी कधी लागतं हे गवतच सांगतं. लॉनवरून चालून गेल्यावर पावलांचे ठसे बराच वेळ तसेच राहिले आणि हिरव्यात करडी-निळसर झाक आली की पाणी द्यायची वेळ झाली.

कापताना एक नियम पाळा: एका वेळी पात्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये. उंची एक ते दीड इंच ठेवा, उन्हाळ्यात थोडी जास्तच, कारण उंच गवत जमिनीला सावली धरतं. पावसाळ्यात वाढ जोरात असते, तेव्हा आठवड्याला एकदा तरी मशीन फिरवावंच लागतं. थंडीत पंधरा-वीस दिवसांतून एकदा पुरतं. ओल्या गवतावर मशीन चालवू नका. कापल्यावर दुसऱ्या दिवशी वाकून एखादं पातं जवळून बघा. टोक सरळ कापलेलं असेल तर ठीक; टोकाला पांढरट दोरे लोंबत असतील तर पातं बोथट झालंय, धार लावून आणा. असं फाटलेलं लॉन लांबून राखाडी दिसतं आणि लोक त्यावर खत मारत बसतात.

खताचं म्हणाल तर वाढीच्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारीअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत, दीड-दोन महिन्यांतून एकदा दर चौरस मीटरला दहा ग्रॅम युरिया पुरे. पातं कोरडं असताना सारखं फेकायचं आणि लगेच भरपूर पाणी द्यायचं. ओल्या पात्यावर दाणे चिकटले की ठिपक्या-ठिपक्यांनी गवत जळतं. युरिया नको असेल तर चाळलेलं गांडूळखत पाव इंच जाडीने पसरून झाडूने आत ढकला. त्याआधी गार्डन फोर्कने तीन-चार इंच खोल भोकं पाडून घेतली तर घट्ट झालेल्या जमिनीत हवा आणि पाणी दोन्ही जातं.

पानं पिवळी का पडतात?

बागेतला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. माळीकाका आले की म्हणतात, “ताई, पानं पिवळी पडलीत, युरिया टाकू का?” त्यांना म्हणावं, काका, जरा थांबा, आधी बघू कुठली पानं पिवळी आहेत.

खालची, जुनी पानं एकसारखी पिवळी होऊन गळत असतील आणि नवी पानं फिकट पण बरी असतील, तर नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय. इथे युरिया किंवा शेणखत उपयोगी पडतं. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियमची कमतरता असू शकते. आणि शेंड्याची नवी पानं पिवळी, जवळजवळ पांढुरकी, पण शिरांची जाळी हिरवीगार दिसत असेल तर ती लोहाची कमतरता आहे. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लिंबू, जास्वंद, गुलाब, मोगरा, गार्डेनिया या सगळ्यांना ती होते. मातीत लोह असतं, पण सामू जास्त असल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं.

अशा वेळी कितीही युरिया टाका, फरक पडणार नाही. एक लिटर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून संध्याकाळी नव्या पानांवर फवारा आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा फवारा. फरशीवर, भिंतीवर थेंब पडू देऊ नका, तांबेरी डाग कायमचे राहतात. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपातलं) मागा. ते महाग आहे, पण चुनखडीच्या जमिनीत तेच टिकतं. साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर ते सगळ्यात आधी या झाडांना घाला.

आणि हो, अंड्याची टरफलं. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज कुणीतरी ती कुटून गुलाबाला घालायला सांगतं. ज्या जमिनीत आधीच कॅल्शियम उतू जातंय तिथे आणखी कॅल्शियम घालून काय मिळवायचं? एप्सम सॉल्टही असंच. मॅग्नेशियम कमी असेल तरच त्याचा उपयोग, दर महिन्याला श्रद्धेने चमचा-चमचा घालण्यात काही अर्थ नाही.

पिवळेपणाचं आणखी एक कारण म्हणजे जास्त पाणी. कुंडीतलं झाड मलूल दिसलं की आपण पाणी घालतो, आणि ते पाण्यामुळेच मलूल झालेलं असतं. बोट दोन पेरं आत घाला. ओल लागली तर पाण्याचा तांब्या खाली ठेवा.

छाटणी

गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये. वाळलेल्या, आडव्यातिडव्या, बारीक काड्या बुडातून काढा. चांगल्या फांद्या बाहेर वळलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरप्या कापा. कलम करताना डोळा भरलेल्या जागेच्या खालून येणारा जोमदार फुटवा बघून खूश होऊ नका, तो जंगली गुलाबाचा असतो आणि वरचं कलम मारून टाकतो. तो मुळाशी जिथून निघालाय तिथूनच उपटा. छाटणीनंतर साधारण दीड महिन्यात फुलं येतात. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीच्या शेवटाकडे पुष्पप्रदर्शन भरतं. तिथे गुलाब मांडायचे असतील तर तारीख उलटी मोजून छाटणीचा दिवस ठरवावा.

मोगऱ्याला डिसेंबरात पाणी तोडा आणि जानेवारीत एक फुटावर छाटून, उरलेली पानं काढून टाका. मग बुंध्याभोवती माती हलवून दोन-तीन ओंजळी शेणखत घाला आणि पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या धरतात. छाटायला मन धजत नाही म्हणून जे लोक मोगरा तसाच ठेवतात, त्यांना पानं भरपूर मिळतात. तुळशीच्या मंजिऱ्या आणि कढीपत्त्याचे शेंडे खुडत राहा, झाड दाट होतं. बाकीच्यांना फार हात लावू नका.

किडी

जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस दिसला की तो पिठ्या ढेकूण. आधी मुंग्यांची रांग शोधा. या किडीतून पाझरणारा गोड चिकटा मुंग्या खातात आणि बदल्यात तिची राखण करतात, तिला या फांदीवरून त्या फांदीवर नेतात. मुंग्या राहिल्या तर फवारणी वाया जाते. जास्त भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका आणि उरलेल्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि एक-दोन मिली पातळ साबण नीट फेटून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. एका फवारणीत काम होत नाही. आठवड्याच्या अंतराने तीन तरी हव्यात. पहिल्यांदा करताना दोन-चार पानांवर मारून दिवसभर वाट बघा. निंबोळ्या मिळत असतील तर ५० ग्रॅम कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी गाळून घ्या. हाच पाच टक्के निंबोळी अर्क.

लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं दिसलं तर काडीने हलवून बघा. बऱ्याचदा ती अळी असते. मोठी झाली की हिरवी होते आणि दोन दिवसांत फांदी साफ करते. लहान रोपावरची वेचून काढावी. मोठ्या झाडावर असेल तर राहू द्यावी, पुढे तिचंच काळं-पिवळं फुलपाखरू होतं.

लॉनमध्ये पावसाळ्याच्या उत्तरार्धात ठिगळा-ठिगळाने गवत वाळलं आणि ओढल्यावर मुळांशिवाय सहज उचलून आलं, तर खाली हुमणी आहे. माती उकरून अळ्या वेचा आणि ओलसर जमिनीत मेटारायझियम ही मित्रबुरशी चांगल्या कंपोस्टमध्ये मिसळून द्या. बंदोबस्ताची खरी वेळ मात्र पहिल्या वळवाच्या पावसानंतरची. तेव्हा संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. खाली चादर अंथरून फांद्या हलवायच्या आणि पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाकायचे. गल्लीतल्या चार घरांनी मिळून केलं तर जास्त उपयोग.

जुलैत गोगलगायी येतात. संध्याकाळी वाफ्याच्या कडेला ओली गोणपाटं टाकून ठेवा. सकाळी त्यांच्या खाली सगळ्या जमलेल्या असतात. हातमोजे घालूनच उचला, त्यांच्यात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात, आणि दाट मिठाच्या पाण्यात बुडवा. मिठाचं पाणी मग बागेत ओतू नका. मातीत साबुदाण्यासारखी अंडी सापडली तर तीही काढा. घरात कुत्रा-मांजर असेल तर गोगलगायींच्या विषारी गोळ्यांच्या वाटेला जाऊ नका. कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटल्या घासा, नाहीतर डेंगीचे डास घरातच पैदा होतील.

मेमध्ये गावाला जाताना

लग्नसराई, सुट्टी, आठ-दहा दिवस घराला कुलूप. जाण्याच्या आदल्या दिवशी कुंड्या पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीलगत एकमेकींना चिकटवून ठेवा. मोठ्या मध्ये, लहान कडेला. सगळ्यांना दोन वेळा पोटभर पाणी द्या आणि वर पालापाचोळ्याचा दोन इंच थर घाला. जमिनीतल्या झुडपांच्या आळ्यातही तीन इंच पाला घाला, बुंध्याला मात्र चिकटू देऊ नका. गुलाबाची फुलं आणि कळ्या खुडून टाका, झाडाला तेवढंच कमी पाणी लागतं. शेजारच्या वहिनींना किल्ली द्यायची तर ‘सगळ्यांना थोडं थोडं घाला’ असं मोघम सांगू नका. कुठल्या झाडाला किती तांबे आणि कुठल्या दिवशी, हे कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

लॉनची फार काळजी करू नका. जाण्याआधी कापू नका, एकदा खोल पाणी द्या. रुजून बसलेली हरळी तेवढ्या दिवसांत पिवळी पडली तरी मुळाशी जिवंत असते. परत आल्यावर लगेच खत टाकायचं नाही. दोन-तीन दिवसांआड खोल पाणी द्यायचं. दोन-तीन आठवड्यांत बुडातून हिरवे कोंब निघतात, आणि जिथे निघाले नाहीत तिथे जूनमध्ये नवीन मुळ्या टोचायच्या.